झुलीखालची सायकल

आमच्या गावच्या पटाचा माईक आजवर रामलालकाकांच्या हातून दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नव्हता. यंदा तो माझ्या हातात आला. मी म्हणजे अन्नपूर्णा, अकरावी, जिला पूर्वी हजेरीला नुसतं 'हजर' म्हणतानाही घाम फुटायचा. यंदा सव्वीस जानेवारीला शाळेत भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून माझं जे तोंड उघडलं, ते आई म्हणते झोपेतही मिटत नाही. पटात ओरडून ओरडून रामलालकाकांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी गर्दीत मला शोधून काढलं आणि फाटक्या आवाजात म्हणाले, "घे वं अन्नू. तुझा भोंगा तसाही रिकामाच आहे."

पट म्हणजे शंकरपट. धान घरात आलं की सालेकशाकडच्या आमच्या भागात गावोगावी बैलजोड्या पळवतात. छकड्यावर उभा राहून जो कासरा धरतो तो धुरकरी. पण माईकवरून नाव पुकारायचं ते मालकाचं. जोडी जिंकली की मालकाला हार, बैलांना गुलाल आणि पाठीवर आरसे लावलेली झूल, आणि धुरकऱ्याला एक दुपट्टा. हे असंच चालत आलंय आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. माईक देताना रामलालकाकांनी मला एकच गोष्ट बजावली. "मालकाचं नाव पहिले. बाकी सारं मागून."

पट संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर सायकलची शर्यत होती. गोंदियाच्या क्लबवाल्यांनी ठेवली होती, आणि माईक माझ्याकडेच राहिला होता. मैदानामागे आमची डोंगरी आहे. तिच्या माथ्यावरून सायकलवर निघायचं आणि सागाच्या झाडांमधून, मुरमाच्या घसरणीवरून, मोहाच्या झाडाजवळचं मोठं वळण घेऊन, कोरड्या नाल्यातल्या दगडांवरून खाली मैदानात यायचं. एका वेळी एकानंच. खाली घड्याळ. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार.

पटाला आलेली माणसं घरी गेलीच नाहीत. त्यांना वाटलं हाही पटच आहे, फक्त बैल नाहीत. धुरपताआजी तर मैदानाच्या कडेला पोतं टाकून सकाळपासून बसलेली. पहिला पोरगा धडधडत खाली आला तशी ती मला म्हणाली, "एकटाच काऊन पळून राहिला हा? दुसरी जोडी कुठं आहे?"

"आजी, तो घड्याळासंगं पळून राहिला."

"घड्याळ कुठं पळते वं?"

मी पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

शर्यतीत पोरगी एकच होती. आचल मेश्राम, माझ्या बाकावर माझ्या उजव्या हाताला बसते ती. आठवीत आम्हा सगळ्या पोरींना शाळेतून मानव विकास योजनेच्या सायकली मिळाल्या, तेव्हा आम्ही हँडलला गोंडे लावले. आचलनं पहिल्याच आठवड्यात पुढची टोपली काढून फेकली. का, तर डोंगरीवरून उतरताना ती खडखडते. मोह वेचायला सगळे पायी जायचे, ही सायकल ढकलत वर न्यायची. लोक म्हणायचे, ओझं आणायला नेत असेल. ती फक्त परत येण्यासाठी न्यायची.

पण शर्यतीला ती सायकल चालत नाही. शर्यतीची सायकल केशोराव पाटलांची होती. म्हणजे त्यांच्या चंद्रशेखरनं नागपूरला शिकताना घेतलेली, जाड टायरची, पुढे दोन स्प्रिंगा असलेली. तो नोकरीला पुण्याला गेला आणि सायकल गोठ्यात बैलांच्या डोक्यावर आड्याला लटकत राहिली. आचलचे वडील, बकारामकाका, पाटलांचे धुरकरी. वर्षानुवर्षं पाटलांची जोडी तेच पळवतात. त्यांनी भीत भीत विचारलं. पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ने. पण नाव माझं लागलं पाह्यजे. अन् एक ओरखडा जरी पडला तं पुन्हा हात लावू देणार नाई, सांगून ठेवतो."

म्हणजे बापानं पाटलांचे बैल हाकायचे आणि पोरीनं पाटलांची सायकल. तेव्हा मला हे सुचलंही नव्हतं. मी आनंदानं उड्या मारत होते.

आता ऐका शर्यतीचं.

खालून आम्हाला वाटेचे तीनच तुकडे दिसत होते. माथा, मोहाचं वळण आणि शेवटचा उतार. मधलं सगळं झाडांत. प्रत्येक जण मोहाच्या वळणाला आला की ब्रेक दाबायचा, मागचं चाक घसरायचं आणि लाल धुळीचा लोट उठायचा. त्या लोटावरूनच आम्ही ओळखायचो की आला. राजदीप नावाचा गोंदियाचा पोरगा सगळ्यांत पुढे होता. त्याची सायकल अशी की पाहूनच खिशाला कापरं भरावं. त्याचे वडील इंद्रकुमार शेठ, राईस मिलवाले, मोबाईल वर धरून उभे होते, आणि राजदीपचा वेळ मी माईकवर सांगितला तेव्हा त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना पेढे वाटून टाकले. अजून आचल यायची बाकी होती. तिचं नाव शेवटी नोंदवलं होतं.

वर झेंडी पडली. आचल पायडल मारत निघाली आणि झाडांत शिरली.

मग काहीच नाही. मी मोहाच्या वळणाकडे डोळे लावून धुळीची वाट पाहत होते. धूळ उठलीच नाही. सरळ आचलच दिसली, जमिनीला टेकेल इतकी तिरपी, आणि गेलीसुद्धा. मला वाटलं, पडली. तेवढ्यात ती शेवटच्या उतारावर आली. सायकल दगडांवरून उडत होती, पण तिचे पाय हलत नव्हते. दोन्ही पायडलं आडवी, पाय त्यांच्यावर रुतवलेले. मला वाटलं घाबरून गोठली बिचारी. आणि रेषा ओलांडून ती थेट धानाच्या तणशीच्या ढिगात घुसली.

घड्याळवाल्या सरांनी माझ्यापुढे आकडा धरला. राजदीपपेक्षा कमी. जेमतेम, पण कमी.

मी जे किंचाळले ते म्हणे रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. "केशोराव पाटील यांची सायकल! पहिला नंबर! केशोराव पाटील, केशोराव पाटील, केशोराव पाटील!" तोंडातून आपोआप बाहेर पडलं. मालकाचं नाव पहिले. आणि पुढचं मागून सांगायचं, तर मागून सांगायला वेळच राहिला नाही, कारण अख्खी गर्दी मैदानात उतरली होती.

मी सगळ्यांच्या आधी पोचले. आचल तणशीतून उठत होती. चेहरा पांढराफटक, केसांत तणीस.

"खाली पाह्य," ती म्हणाली.

मी पाहिलं. सायकलला चेन नव्हती.

"कधी?"

"पहिल्याच वळणावर. जोर लावला अन् तुटली."

"मंग आली कशी तू?"

"मंग काय करू, परत वर जाऊ?" ती हसली. लगेच तिनं माझा हात धरला. "अन्नू, कोणाले सांगू नको. पाटीलकाकाले समजलं तं सायकल गेली. राज्याच्या स्पर्धेले कायनं जाऊ मग? टोपलीच्या सायकलनं? सालेकशाले नेऊन चेन टाकून आणू गुपचूप. तोवर काही बोलायचं नाई. शपथ घे."

माझ्या हातात बंद केलेला माईक होता. मी माईकच्या दांड्याचीच शपथ घेतली.

तेवढ्यात गर्दी आली आणि तिनं सायकल उचलली. हो, सायकल. आचल नाही. पाटलांनी हँडलला कपाळ टेकवलं, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. कोणीतरी कालच्या जोडीची झूल आणून सायकलवर पांघरली, वरून झेंडूच्या माळा. धुरपताआजीनं दोन्ही टायरांवर तांब्यानं पाणी घातलं, हँडलच्या मधोमध कुंकू लावलं आणि कानशिलावर बोटं मोडली. एक जण तर सवयीनं बैलांची ढेप घेऊन आला आणि सायकलपुढे उभा राहून मग स्वतःच लाजला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सायकल, शेजारी खुर्चीवर हार घातलेले पाटील, पुढे डीजे. आचलच्या खांद्यावर कोणीतरी गुलाबी दुपट्टा टाकला आणि ती ट्रॉलीमागे बकारामकाकांच्या बाजूनं चालू लागली. काकांच्या खांद्यावर कालचा दुपट्टा होता. ते पोरीला सांगत होते, "चांगली पळाली सायकल. मले वाटलंच होतं."

झुलीमुळे चेनीची जागा झाकली गेली. आमच्यासाठी चांगलंच होतं ते. पण मला झूल ओढून फेकाविशी वाटत होती.

आणि त्यात हा मुन्ना. आमच्याच वर्गातला. सायकलला टेकून सेल्फी काढता काढता म्हणतो, "उतारच होता न बे. वरून गोटा सोडला असता तरी पहिला आला असता."

मी तोंड उघडलं. मग शपथ आठवली आणि मिटलं. बोलायला मी नुकतीच शिकले होते, आणि पहिल्याच मोठ्या दिवशी मला गप्प बसायचं काम मिळालं. त्याच्यापेक्षा हजेरीला 'हजर' म्हणणं सोपं होतं.

बक्षीस जेवणानंतर होतं. मी दप्तराची पिशवी घेतली आणि डोंगरीवर गेले. चेन कोणाला सापडली तर पंचाईत, म्हणून. खरं सांगायचं तर मला ती जागा पाहायची होती.

चेन पहिल्या वळणाजवळ सागाच्या पाल्यात पडलेली होती, मेलेल्या सापासारखी. ती पिशवीत टाकली आणि मी वाटेनंच खाली उतरले. माझ्या पायाखाली सगळ्यांच्या चाकांच्या खुणा होत्या. मोहाच्या झाडाआधी मुरूम असा खरवडला होता की कोणी फावडं ओढलं असावं. ज्यानं त्यानं तिथे भीतीनं ब्रेक दाबला होता, राजदीपनंही. त्या सगळ्या खरवडीवरून एक बारीक, स्वच्छ रेघ गेली होती. सगळ्यांत वरची, म्हणजे शेवटी आलेल्या चाकाची. ती कुठेच पसरली नव्हती. मोहाच्या मुळाला घासून ती आतल्या अंगानं वळली होती, एवढ्या जवळून की मुळाची साल निघाली होती.

मी तिथे बसले. मला सायकलमधलं फार कळत नाही, पण एवढं कळलं. चेन नाही म्हणजे गेलेला वेग परत आणता येत नाही. ब्रेक मारायचा तर तो मारायचा थांबण्यासाठीच. बाकीच्यांना प्रत्येक वळणावर घाबरायची सवड होती, आचलला नव्हती. आणि खाली डीजे वाजत होता, पोरं नाचत होती, रील टाकत होती, 'पाटलांची वाघीण सायकल'. मीही नाचले असते. ज्याच्यासाठी नाचायचं ते इथे वर पडून होतं आणि पाहायला कोणी येणार नव्हतं. एखादी गोष्ट आपल्याला आवडते म्हणजे नेमकं काय आवडतं, असं काहीतरी मनात येत होतं. ते नीट धरता आलं नाही. भूक लागली होती आणि हाताला काळं ग्रीस लागलं होतं.

खाली आले तर वेगळंच नाटक सुरू.

पटात एक रीत आहे. जिंकलेल्या जोडीला तिथेच गिऱ्हाईक येतं. आणि इथे इंद्रकुमार शेठ आले होते. "पाटील साहब, ये साइकिल मेरे को दे दो," ते म्हणत होते. "लकी है. मेरा लड़का राज्य में इसी पे जाएगा. पहिल्या नंबरवाल्याची सायकल आपण दुसरीकडे कायले जाऊ द्यायची?"

पाटलांचा ऊर असा भरून आला होता की हार वर उचलला गेला. "शेठ, माझ्या दारची वस्तूच तशी आहे. कामठ्याच्या पटात कासरा तुटला होता माझ्या जोडीचा, तरी नाकासमोर गेली! पहिला नंबर!" ही गोष्ट आमच्या गावातल्या पाळण्यातल्या लेकरालाही पाठ आहे. त्यात बैल आहेत, कासरा आहे, पाटील आहेत. त्या दिवशी छकड्यावर बकारामकाका होते, हे मला माझ्या बाबांनी सांगितलं, पाटलांच्या गोष्टीत काका नसतात.

मग पाटलांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात करतात तसंच. दुपट्ट्याखाली बोटं धरायची, भाव बोटांनी सांगायचा, बाहेर कोणाला कळू द्यायचा नाही. दुपट्टा हलत होता. शेठचं तोंड एकदा आंबट झालं, एकदा गोड झालं. कोणीतरी हँडलला दावंही बांधलं, कारण मालकानं दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं की सौदा पक्का. मी आचलकडे पाहिलं. ती बापाच्या बाजूला उभी होती आणि गुलाबी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. माझ्या पिशवीत चेन होती. ती दाखवली असती तर सायकल विकली गेली नसती. पण मग पाटील सायकलला हातही लावू देणार नव्हते. म्हणजे काहीही केलं तरी आचलच्या हातून सायकल जाणारच होती.

"काका, काहीतरी बोला न," मी बकारामकाकांना हळूच म्हटलं.

"मी काय बोलू बाई? वस्तू त्यांची आहे. धुरकऱ्यानं सौद्यात बोलायचं नसते."

शेठ म्हणाले, "पक्का." पाटलांनी दाव्याला हात घातला.

"अंकल, एक बार चला के देखूँ?" राजदीप म्हणाला.

"पाहा न, पाहा! तुमचीच तं हाये आता." पाटलांनी झोकात झूल ओढून काढली.

राजदीप बसला आणि जोरात पायडल मारलं. पायडल गरकन फिरलं, सायकल जागची हलली नाही, आणि तो हँडलवर तोंडघशी पडता पडता वाचला. पुन्हा मारलं. पुन्हा तेच. गर्दीत खसखस पिकली. धुरपताआजी म्हणाली, "अडली वाटते. नवा धुरकरी पटला नाई तिले."

राजदीपनं खाली वाकून पाहिलं. "इसमें तो चेन ही नहीं है."

"चेन नाई?" पाटील ओरडले. "सकाळी मी सोताच्या हातानं तेल टाकलं! कोणं काढली?" आणि त्यांची नजर मुन्नावर पडली. "हा! हाच सायकलीजवळ घुटमळून राहिला होता. बोल बे, कुठं ठेवली?"

मुन्नाची कॉलर पाटलांच्या मुठीत. "मी नाई काका! माय कसम! मी फोटो काढून राहिलो होतो!"

दुसरा कोणता दिवस असता तर मला मजा वाटली असती. आता पिशवी इतकी जड लागत होती की खांदा दुखायला लागला. मी आचलकडे पाहिलं. शपथ तिनं घातली होती, मोडायची तर तिनंच मोडायची. तिनं बोटाचा दुपट्टा सोडला, माझ्याजवळ आली, पिशवीत हात घातला आणि चेन बाहेर काढली. ती लोंबकळत तिच्या पांढऱ्या कुर्त्याला घासली आणि काळा पट्टा उमटला.

"तुटली काका. वर, पहिल्याच वळणावर. मुन्नानं नाई काढली."

डीजेवाल्यानं आवाज कमी केला. इंद्रकुमार शेठ म्हणाले, "पहले मोड़ पे? फिर बाकी का रास्ता?"

"तशीच आली."

पाटलांचा चेहरा उतरला. पण ते पटातले मुरलेले माणूस. क्षणात सावरले. "पाहा शेठ! ऐकलं? चेन तुटली तरी आली! कामठ्याले कासरा तुटला होता तशीच! अरे, जातिवंत वस्तू आहे ही! आता तं ठरल्या भावात देतच नाई मी!"

आणि तुम्हाला सांगते, लोकांनी माना हलवल्या. खरंच हलवल्या! दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "बिना चेनची आली, काय सायकल आहे बाप्पा!" मला माईक चावून खावासा वाटला.

बकारामकाकांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ते डोंगरीकडे पाहत होते. डोळे माथ्यावरून हळूहळू खाली येत होते, वाटेवाटेनं.

"आचल," ते म्हणाले, "मोहाजवळ ब्रेक मारला का?"

"नाई बाबा."

"मुरमावर?"

"नाई."

"नाल्यात तरी?"

"मारला असता तं तिथंच थांबली असती न. पुन्हा पळवाले पायडल कुठं होतं?"

बकारामकाका खाली बसले. मी त्यांना उधळलेल्या बैलांच्या छकड्यावर ताठ उभं पाहिलं आहे. ते मातीत बसले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मेली असती न वं," ते म्हणाले. एवढंच. हळू आवाजात. पण टाळ्या तिथेच थांबल्या. कारण प्रत्येक जण आता डोंगरीकडे पाहत होता, आणि मला वाटतं प्रत्येकाला तिथे पहिल्यांदा सायकलवर बसलेलं माणूस दिसलं.

"अरे बकाराम, बसला काऊन?" पाटील म्हणाले. "जिंकली न सायकल!"

बकारामकाकांनी वर पाहिलं. "पाटील, कामठ्यालेबी जोडी एकटी नव्हती. मी होतो वर."

"होताच तू. कोण नाई म्हणते?"

"कासरा तुटला तवा मी दोघाइच्या मधात छकड्याच्या दांडीवर उतरलो होतो. एका हातानं याचं शिंग, दुसऱ्या हातानं त्याचं. तशीच आणली रेषेपरेंत. तुमाले दिसलं नसंल, धूळ होती."

"तू हे कधी बोलला नाई."

"बोलून काय? दुपट्टा तं भेटलाच होता."

हे ते रागानं बोलले नाहीत. हिशेब सांगावा तसंही नाही. पोरगी वाचली म्हणून आतून काहीतरी सैल झालं असावं आणि त्यातून निसटलं. पाटील हातात दावं घेऊन तसेच उभे राहिले. मला त्यांची थोडी दयाच आली. त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट, आणि तिच्यातला सगळ्यात भारी भाग त्यांना इतकी वर्षं माहीतच नव्हता.

राजदीप सायकलवरून उतरला. "पापा, मत लो. साइकिल ने तो ऊपर ही साथ छोड़ दिया था. नीचे तो ये लाई है उसको." मग आचलकडे वळून, कान खाजवत, "मोहवाले मोड़ पे सच में नहीं मारा?" ती नाही म्हणाली तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, "बाप रे." त्या दिवसातली मला सगळ्यात आवडलेली दाद हीच.

दावं शेठच्या हातात पडलं नव्हतं, म्हणून सौदा मोडला यात कोणाचा अपमान नव्हता. शेठ उरलेल्या पेढ्यांचा डबा बंद करून बाजूला झाले. आता सगळे पाटलांकडे पाहू लागले. पाटील चेनकडे पाहत होते, मग कुर्त्यावरच्या काळ्या पट्ट्याकडे, मग मातीत बसलेल्या आपल्या धुरकऱ्याकडे.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ते आचलवर खेकसले. "ब्रेक मारला नाई म्हणते!"

"नाई मारला काका."

"ओरखडा पडला तं हात लावू देणार नाई म्हणलं होतं मी."

"हो."

"चेन म्हणजे ओरखडा नाई," पाटील म्हणाले, आणि दावं तिच्या हातात कोंबलं. गर्दीतून 'अरे अरे' असा आवाज उठला, कारण दावं दिलं म्हणजे दिलं. पाटील गरजले, "विकली नाई, सांगून ठेवतो! स्पर्धेपुरती आहे. चेन मजबूत टाकून घे. अन् ब्रेक मारत जाय जरा, तुझा बाप मातीत बसला तं माझी जोडी कोण हाकलंल?"

आचलनं दावं दोन्ही हातांनी धरलं होतं. ती हसत होती की रडत होती ते मला इतक्या जवळूनही कळलं नाही. बकारामकाका उठले, ढुंगणाची माती झटकली आणि सायकलच्या हँडलवरची झेंडूची माळ काढली. मला वाटलं आता पोरीच्या गळ्यात घालतात. त्यांनी ती नीट गुंडाळून खिशात ठेवली. घरी बुद्धाच्या फोटोला घालू म्हणाले. आमच्याकडे असंच असतं, कोणी नीट नाटकासारखं वागत नाही.

मुन्ना कॉलर सरळ करत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पण उतार होता न तसा."

"जाय न मग वर," मी म्हटलं. "माझी सायकल नेजो. चेन काढून देते."

तो गेला नाही.

मग बक्षिसाला बोलावलं. रामलालकाकांनी माईककडे बोट केलं. माझ्या मनात भलंमोठं भाषण तयार होतं, मोहाच्या मुळाचं, त्या बारीक रेघेचं, घाबरायच्या सवडीचं. माईक तोंडाशी नेला आणि सगळं मैदान माझ्याकडे पाहत असताना मला जाणवलं की ते सगळं सांगायची आता गरज नाही, सकाळी जे राहिलं होतं तेवढंच सांगायचं आहे.

"पहिला नंबर," मी म्हटलं. "धुरकरी, आचल बकाराम मेश्राम."

माझा आवाज ओरडण्यासारखा नव्हता. तरी ऐकू गेला. थोडा वेळ लोकांना कळेना, टाळी आता वाजवायची की पुढच्या नावाला. कारण आमच्या पटात असं मालकाविना अर्धं नाव कोणी कधी ऐकलं नव्हतं. मग धुरपताआजीनं पोत्यावरून वाजवली, आणि मग सगळ्यांनी.

मागून कोणीतरी ओरडलं, "अवं, सायकल कोणाची ते तं सांग!"

मी रामलालकाकांकडे पाहिलं. त्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील हार काढून हातात घेऊन बसले होते, ते दुसरीकडे पाहू लागले.

"सांग न," रामलालकाका त्यांच्या बसलेल्या आवाजात म्हणाले. "पण मागून सांगजो. पहिले तिले वर येऊ दे."